खर्जातला झीलकरी

'लोन्ली वुमन' मी पहिल्यांदा ऐकलं ते एका मित्राच्या खोलीवर, तळहातापेक्षा थोड्याच मोठ्या टेपरेकॉर्डरवर. कॅसेट कुणाकडून तरी भरून आणलेली, तिच्यावर नाव पेन्सिलीने लिहिलेलं. ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा कॉर्नेट एकाच दुःखाला दोन बाजूंनी धरून गात होते, मागे बिली हिगिन्सची थाळी भरभर वाजत होती आणि गाणं मात्र कशालाही टेकलेलं नव्हतं. ते मनात राहिलं, पण उमगलं नाही. बऱ्याच वर्षांनी चांगल्या हेडफोनवर तेच ध्वनिमुद्रण लावलं तेव्हा कळलं, की त्या चिमुकल्या स्पीकरने खालचे सगळे स्वर गिळून टाकले होते. त्या गाण्याचं दारच खर्जात आहे. सुरुवातीलाच डबल बास बोलू लागतो. दोन तारा एकदम छेडलेल्या. एकीचा स्वर जागचा हलत नाही, दुसरीचा त्याच्या आधाराने सावकाश पावलं टाकतो. ड्रम घाईत आहेत, बासला मुळीच घाई नाही, आणि या दोन गतींच्या मधल्या मोकळ्या जागेत ती सुरावट उतरते. हे ध्वनिमुद्रण २२ मे १९५९ला लॉस एंजेलिसमध्ये झालं. बास वाजवणाऱ्याचं वय होतं एकवीस. नाव चार्ली हेडन.

हे पुस्तक त्याच्याविषयी आहे.

जॅझ म्हटलं की आपण नावं घेतो ती पुढे उभं राहून वाजवणाऱ्यांची. लुई आर्मस्ट्राँग, चार्ली पार्कर, माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन. त्यांच्या मागे, माणसाहून उंच लाकडी वाद्याला मिठी मारल्यासारखा जो उभा असतो, त्याचं नाव रेकॉर्डच्या पाठीवर बारीक अक्षरात असतं. मला त्याच्याकडे पाहताना आपला झीलकरी आठवतो. पोवाडा चालू असताना नजर शाहिरावर असते. डफ त्याच्या हातात, कथा त्याच्या तोंडी. पण त्याचा श्वास संपतो त्या क्षणी मागचे दोघे-तिघे 'जी जी' उचलतात आणि शाहीर परतेपर्यंत सूर खाली पडू देत नाहीत. झीलकरी कच्चा असेल तर भला शाहीरही कोसळतो, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. ही तुलना फार ताणू नये. झीलकरी शाहिराचीच ओळ उचलतो. जॅझमधला बासवाला त्याच वेळी स्वतःची वेगळी ओळ रचत असतो. तरीही दुसऱ्याचं गाणं आपल्या सुरावर तोलून धरायचं हे व्रत दोघांचं एकच आहे. हेडनने ते आयुष्यभर पाळलं, आणि पाळता पाळता त्या जागेचा अर्थच बदलून टाकला.

डबल बास आपल्या कानांना अनोळखी नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी जॅझ आणलं. चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा ट्रम्पेटवादक आणि आपले सी. रामचंद्र यांची 'अलबेला'मधली (१९५१) जोडी सर्वांना ठाऊक आहे. त्या काळच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनांच्या मागे हे वाद्य उभं असे. आपण ते ऐकलं आहे, फक्त त्याच्याकडे लक्ष दिलेलं नाही. त्याला चार तारा असतात. सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे कानाला ऐकू येण्याआधी छातीला जाणवणारा. सिंफनीत हे वाद्य बहुतेक गजाने वाजवतात, जॅझमध्ये बोटांनी.

जॅझमधल्या बासवाल्याकडे परंपरेने दोन कामं. एक, लय धरणं: प्रत्येक मात्रेला एक स्वर, चालत्या पावलांसारखा. दुसरं, गाण्याच्या आवर्तनात ज्या कॉर्ड ठरलेल्या क्रमाने येतात, त्यांचा पायाचा स्वर देत जाणं, म्हणजे वर आलाप घेणाऱ्याला आपण कुठल्या वळणावर आहोत हे कळत राहतं. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात जिमी ब्लँटन नावाचा पोरगेला वादक १९३९ साली आला आणि त्याने दाखवून दिलं की हे वाद्य गाऊही शकतं. तो तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला. त्याच्यानंतर आलेल्या बहुतेकांनी या दोन कामांना तिसरं जोडलं: वेग. उंच स्वरांत, गिटारच्या चपळाईने वाजवणं.

हेडन उलट दिशेला गेला. त्याचा मित्र स्कॉट लाफारो हा या चपळाईचा राजा. दोघे लॉस एंजेलिसमध्ये काही काळ एकाच घरात राहत होते. २१ डिसेंबर १९६०ला ऑर्नेटने 'फ्री जॅझ' ध्वनिमुद्रित केलं तेव्हा दोन चौकड्या समोरासमोर बसवल्या, एक डाव्या स्पीकरमधून ऐकू येणारी, दुसरी उजव्या. डावीकडे लाफारो, उजवीकडे हेडन. ती रेकॉर्ड ऐकताना डावा कान झाकून पाहा, मग उजवा. एकीकडे पाणी उसळतंय, दुसरीकडे खाली खडक आहे. लाफारो पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला, पंचविशीत. हेडनच्या मनात ती जागा कायम रिकामी राहिली.

ऑर्नेटच्या संगीतात बासवाल्यासमोर पेच मोठा होता. ऑर्नेटने ठरलेल्या कॉर्डचं आवर्तनच काढून टाकलं. पियानोही ठेवला नाही. चाल वाजवायची, आणि मग त्या चालीच्या भावनेतून, कुठल्याही दिशेने, हवं तितका वेळ पुढे जायचं. पायाचे स्वर देणं हेच ज्याचं काम, त्याने पायाच ठरलेला नसेल तर काय करायचं? समीक्षकांनी हा प्रश्न फार ताणला. हेडनसाठी तो तितका अवघड नव्हता, आणि का नव्हता याचं उत्तर त्याच्या लहानपणात आहे. म्हणून या पुस्तकाची पहिली चार प्रकरणं जॅझपासून लांब, अमेरिकेच्या मध्यभागातल्या मक्याच्या शेतांत घडतात.

६ ऑगस्ट १९३७ला आयोवा राज्यातल्या शेनँडोआ या छोट्या गावी त्याचा जन्म झाला. आईवडील, भावंडं सगळी मिळून गाणारी. 'हेडन फॅमिली' हा त्यांचा रेडिओवरचा कार्यक्रम. डोंगराळ मुलुखातली जुनी गाणी, चर्चमधली भजनं, मधूनच पिठाच्या नाहीतर औषधाच्या जाहिराती. आई त्याला मांडीवर झुलवत गुणगुणत असे. एक दिवस त्या तान्ह्या पोराने तिच्या चालीखाली दुसरा सूर धरला. हेडनच्या घरात ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जाई. बावीस महिन्यांचा असताना तो रेडिओवर गायला लागला, 'काउबॉय चार्ली' म्हणून.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावं असं मला वाटतं. आपल्याकडे एका वेळी एकच सुरावट असते, खाली तानपुरा. चार माणसं आरती म्हणतात तेव्हा चौघांची चाल एकच असते. फार तर एखादा वरच्या पट्टीत जातो. त्या मुलखात तसं नाही. एकजण मूळ चाल गातो, दुसरा तिच्या खालून किंवा वरून, त्याच शब्दांवर, वेगळ्या स्वरांची समांतर ओळ गातो. ती कुणी लिहून देत नाही. समोरचा कुठे वळणार हे ऐकून, त्याच क्षणी, आपण कुठे जायचं ते ठरवावं लागतं. हेडनला ही सवय बोलता येण्याआधी लागली. वीस वर्षांनी ऑर्नेट कुठल्याही दिशेला निघाला तरी हेडन त्याच्या खालून चालत राहिला, कारण लहानपणी आईच्या, भावाच्या, बहिणीच्या आवाजाखाली तो हेच करत आला होता. ज्याला न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी क्रांती म्हटलं, त्याचा अर्धा भाग आयोवातल्या स्वयंपाकघरातून आला होता. या पुस्तकात मला काही ठासून सांगायचं असेल तर ते एवढंच.

पंधराव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. पायांचा नव्हे; घशाचा आणि चेहऱ्याचा. साल्कची लस १९५५ साली आली, त्याच्यासाठी तिला दोन-तीन वर्षं उशीर झाला. जीव वाचला, हातपाय वाचले, आवाज गेला. बोलता येत होतं, पण सूर स्थिर ठेवता येत नव्हता. रोज रेडिओवर गाणाऱ्या मुलाचं गाणं असं एका आजारपणात संपलं. घरात मोठ्या भावाचा डबल बास होता. भाऊ नसताना चार्ली तो चोरून वाजवत असे, आधीपासूनच. आता त्याच्याकडे दुसरं काही उरलं नाही. चौदाव्या वर्षी ओमाहामध्ये त्याने चार्ली पार्करला प्रत्यक्ष ऐकलं होतं आणि ते मनातून जात नव्हतं. स्प्रिंगफील्डच्या 'ओझार्क ज्युबिली' या लोकसंगीताच्या टीव्ही कार्यक्रमात बास वाजवून त्याने पैसे साठवले आणि १९५७ साली लॉस एंजेलिस गाठलं. निमित्त वेस्टलेक कॉलेजचं, मनात पियानोवादक हॅम्प्टन हॉज. थोड्याच दिवसांत वर्ग सुटले आणि रात्रीचे क्लब सुरू झाले. ज्याला शोधत आला होता त्या हॉजबरोबरही तो वाजवू लागला.

ऑर्नेटची गाठ कशी पडली हे हेडन आयुष्यभर सांगत आला. एका क्लबात एक माणूस पांढरा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन मंचावर चढला, वाजवू लागला, आणि त्याला जवळजवळ लगेच थांबायला सांगण्यात आलं. हेडनला वाटलं, हा माणूस वाजवत नाही, बोलतोय, रडतोय. तो गर्दीतून मागे धावला तोवर तो माणूस मागच्या दाराने निघून गेला होता. पुढे ओळख झाली तेव्हा ऑर्नेटने त्याला घरी नेलं. खोलीभर जमिनीवर, पलंगावर, खुर्चीवर स्वरलिपीचे कागद पसरलेले. एक उचलून तो म्हणाला तो अर्थ असा: चाल मी लिहिली आहे, खालच्या कॉर्डही लिहिल्या आहेत, पण वाजवायला लागलास की त्या विसर आणि मला ऐकून स्वतःच्या कर. हेडनला तोवर मैफिलींत हेच करावंसं वाटे आणि प्रत्येक वेळी बाकीचे वैतागत. त्या दिवशी दोघे वाजवत बसले ते रात्र उलटेपर्यंत.

१७ नोव्हेंबर १९५९ला ऑर्नेटची चौकडी न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात उभी राहिली. दोन आठवड्यांचा करार होता, तो वाढत वाढत अडीच महिन्यांवर गेला. शहरातला प्रत्येक वादक, चित्रकार, लेखक तिथे येऊन गेला. काही उठून गेले, काही रोज आले. हेडन डोळे मिटून, मान बासच्या लाकडाला टेकवून वाजवत असे. एका रात्री डोळे उघडले तर एक माणूस मंचावर वाकून त्याच्या वाद्याला कान लावून बसलेला. तो लेनर्ड बर्नस्टाइन होता, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक. या भेटीत जे बोलणं झालं त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत. मला त्यातला वाकलेला कान पुरेसा वाटतो.

हेडनचं वादन म्हणजे नेमकं काय, हे शब्दांत पकडायचा प्रयत्न पुस्तकात जागोजागी केला आहे. इथे एकच उदाहरण. 'चेंज ऑफ द सेंच्युरी' या रेकॉर्डमध्ये 'रॅम्बलिन' नावाची रचना आहे. तिथे हेडनची पाळी येते तेव्हा तो बास गिटारसारखा झणझणवतो, दोन-दोन तारा एकदम, आणि त्यातून अचानक 'ओल्ड जो क्लार्क' ही फिडलवर वाजणारी जुनी नाचाची चाल डोकं वर काढते. अमेरिकेतलं सर्वांत नवं संगीत चालू आहे आणि त्याच्या पोटातून पंजीच्या काळातली चाल ऐकू येतेय. तीही आगंतुकासारखी नाही, घरच्यासारखी. पुढे इंग्लंडमधल्या इयन ड्युरी या रॉक गायकाने हेडनच्या याच वादनातला तुकडा उचलून आपलं एक गाजलेलं गाणं त्यावर उभं केलं.

त्याचं वाद्य एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसचे कारागीर व्हियोम यांच्या हातचं होतं. वरच्या दोन तारा तो तातेच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या, लावत असे. खालच्या दोन पोलादी. तातेचा स्वर पोलादासारखा लांबत नाही, पण त्याला धान्याच्या पोत्यासारखं वजन असतं, आणि बोट तारेवरून सुटतानाचा खरखरीत आवाजही ऐकू येतो. हेडनने तो कधी लपवला नाही. एखादा स्वर लावून तो पुढचा स्वर लावायला वेळ घेत असे. ही शांतता त्याच्या वादनातला मोठा भाग आहे, आणि ती ऐकायला शिकावं लागतं.

हेरॉइनविषयी मी पुस्तकात एकच प्रकरण ठेवलं आहे, तेही छोटं. त्या पिढीतल्या किती वादकांना त्या व्यसनाने गिळलं याची मोजदाद करवत नाही. हेडनही त्यात सापडला. १९६०नंतर दोन-तीन वर्षं त्याच्या नावावर जवळजवळ काही नाही. कॅलिफोर्नियातल्या सिनॅनन या व्यसनमुक्ती वसाहतीत तो राहिला, तिथेच एलन डेव्हिड त्याला भेटली, त्यांनी लग्न केलं. तो परत आला, पुन्हा ऑर्नेटबरोबर उभा राहिला, कीथ जॅरेटच्या पियानोखाली जवळजवळ दहा वर्षं राहिला. व्यसनावर रसाळ लिहिण्याची एक रीत पडून गेली आहे. मला ती मान्य नाही.

१९६८ साली शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. बाहेर पोलीस व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांना झोडपत होते. आत शांततेचा ठराव फेटाळला गेला तेव्हा काही प्रतिनिधी उभे राहून 'वुई शॅल ओव्हरकम' गाऊ लागले, तेच गाणं जे आपल्या शाळांत 'हम होंगे कामयाब' म्हणून गायलं जातं. त्यांचा आवाज बुडावा म्हणून सभागृहातल्या वाद्यवृंदाला जोरात वाजवायला लावलं. हेडनने हे टीव्हीवर पाहिलं. पुढच्याच वर्षी त्याने तेरा वादक जमवले, त्यांना 'लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा' असं नाव दिलं आणि कार्ला ब्ले हिला संगीतयोजना करायला सांगितलं. स्पेनच्या यादवीतली प्रजासत्ताकवाद्यांची गाणी, चे गव्हेराच्या स्मरणार्थ स्वतः रचलेलं 'साँग फॉर चे', आणि शिकागोच्या त्या रात्रीची एक रचना, जिच्यात वाद्यवृंद दोन गटांत फुटून एकमेकांवर तुटून पडतो. ही शेवटची रचना ऐकायला सुखाची नाही. पण स्पेनची गाणी वाजतात तेव्हा, हरलेल्या माणसांची गाणी न हरलेल्या आवाजात म्हणजे काय, ते कळतं. कार्ला ब्लेचं श्रेय इथे हेडनइतकंच आहे, आणि ते नेहमी दिलं जात नाही.

आता पोर्तुगालविषयी. हे प्रकरण लिहिण्यासाठीच मी पुस्तक लिहायला घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

नोव्हेंबर १९७१. ऑर्नेटची चौकडी युरोपच्या दौऱ्यावर होती. लिस्बनजवळच्या कश्काइश गावी पोर्तुगालचा पहिला मोठा जॅझ महोत्सव भरणार होता. हेडनला तिथे वाजवायचं नव्हतं. हुकूमशहा सालाझारच्या जागी कायतानु आला होता, पण राजवट तीच होती आणि अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाव इथे तिचं युद्ध चालू होतं. करार झालेला होता. तेव्हा त्याने दुसरा मार्ग काढला. २० नोव्हेंबरला 'साँग फॉर चे' सुरू होण्याआधी तो माइकपाशी गेला आणि हे गाणं मोझांबिक, गिनी आणि अंगोला इथल्या काळ्या जनतेच्या मुक्तिलढ्यांना अर्पण असल्याचं सांगितलं. हजारोंच्या गर्दीतून, विशेषतः विद्यार्थ्यांतून, असा गजर उठला की वाजणारं संगीत ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी विमानतळावर राजकीय पोलिसांनी त्याला बाजूला घेतलं आणि तुरुंगात नेऊन चौकशी केली. अमेरिकन वकिलातीने हालचाल केली म्हणून तो सुटला. त्याच्या तिळ्या मुली घरी जेमतेम सहा आठवड्यांच्या होत्या.

हे वाचताना मराठी माणसाला काही आठवायला हवं. ही तीच राजवट, जिने १९५५च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. जिने आग्वादच्या किल्ल्यात आपली माणसं डांबली. गोव्यात मराठी शिकवणारे मोहन रानडे त्याच वर्षी जखमी अवस्थेत पकडले गेले, त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात नेण्यात आलं. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला तरी रानडे सुटले नाहीत. ते सुटले जानेवारी १९६९मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली त्यांत आघाडीवर एक गायक-संगीतकार होते: सुधीर फडके. १९५४च्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातही ते प्रत्यक्ष उतरले होते.

फडके आणि हेडन यांना एकमेकांची नावंही माहीत असण्याचं कारण नाही. त्यांचे राजकीय विचारही एका गावचे नव्हते. फडक्यांची निष्ठा सावरकरांवर, हेडनचं गाणं चे गव्हेरावर. पण दोघांनीही एकाच सत्तेपुढे, आपापल्या जागी, गाणाऱ्या माणसाने गाण्यापलीकडे काय करावं याचं उत्तर कृतीने दिलं. रानडे सुटले त्याला तीन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा हेडनला त्याच राजकीय पोलिसांनी प्रश्न विचारले. मी हे दोन धागे शेजारी ठेवले तेव्हा आयोवाचा हा माणूस मला एकदम आपल्या ओसरीवर येऊन बसल्यासारखा वाटला.

२५ एप्रिल १९७४ला पोर्तुगालमधली ती राजवट कोसळली. दोन वर्षांनी 'क्लोजनेस' या द्वंद्ववादनाच्या रेकॉर्डमध्ये हेडनने ड्रमवादक पॉल मोशनबरोबर 'फॉर अ फ्री पोर्तुगाल' वाजवलं आणि त्यात कश्काइशच्या त्या रात्रीचा ध्वनिमुद्रित गजर मिसळला. त्याच रेकॉर्डवर 'फॉर तुरिया' आहे, ॲलिस कोल्ट्रेनच्या हार्पबरोबर. तुरिया हे तिचं संन्यासमार्गातलं नाव, आपल्या 'तुरीया' अवस्थेवरून घेतलेलं. हार्पच्या तारा पाण्यासारख्या सांडत असतात आणि खाली हेडन जवळजवळ तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेसारखा उभा असतो. मला विचाराल तर हेडन ऐकायला सुरुवात इथून करावी.

नंतरच्या वर्षांविषयी मी या प्रस्तावनेत फार सांगत नाही. पुस्तकात ती सविस्तर आहेत. डॉन चेरी, ड्यूई रेडमन आणि एड ब्लॅकवेलबरोबर 'ओल्ड अँड न्यू ड्रीम्स'. यान गारबारेक आणि एग्बर्टो जिस्मोंटीबरोबरचं 'मॅजिको'. १९८२पासून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये त्याने उभा केलेला जॅझचा अभ्यासक्रम. 'क्वार्टेट वेस्ट', ज्यात तो चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या लॉस एंजेलिसकडे, जुन्या रहस्यपटांकडे आणि त्या काळच्या गायिकांकडे परत गेला. या चौकडीच्या काही रेकॉर्डवर व्हायोलिनांचा थर मला जास्त वाटतो. पण 'हॉन्टेड हार्ट'मध्ये (१९९२) वादन संपता संपता त्याच गाण्याचं जुनं ध्वनिमुद्रण, जो स्टॅफर्डच्या किंवा बिली हॉलिडेच्या आवाजातलं, हळूच उगवतं, तेव्हा आक्षेप गळून पडतो. साथ करायची तर कुणाची? तर जी गायिका आता नाही तिची.

हँक जोन्सबरोबरच्या 'स्टील अवे'बद्दल (१९९५) मात्र दोन वाक्यं हवीतच. एक कृष्णवर्णीय वृद्ध पियानोवादक आणि एक गोरा बासवादक, दोघांच्या लहानपणी चर्चमध्ये गायली गेलेली भजनं, फक्त दोन वाद्यांवर. दोघेही काहीही दाखवायला जात नाहीत. रात्री दिवे मालवून ऐकण्याची ती रेकॉर्ड आहे.

उत्तरायुष्यात त्याचे कान बिघडले होते. सतत गुणगुण, आणि मोठा आवाज सहन न होणं. मंचावर त्याच्या आणि ड्रमच्या मध्ये पारदर्शक तक्ता उभा करावा लागे. ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याला ऐकण्यावर उभं, त्याला ऐकणंच दुखू लागलं. वादन मात्र आणखी शांत झालं. २००७ साली तो कीथ जॅरेटच्या घरी गेला, आणि दोघांनी काही दिवस जुनी प्रेमगीतं वाजवली. त्यातून 'जॅस्मिन' आणि 'लास्ट डान्स' निघाल्या; दुसरी बाजारात आली ती तो जाण्याच्या थोडे दिवस आधी. लहानपणीच्या पोलिओने साठ वर्षांनी पुन्हा डोकं वर काढलं होतं. गिळणं अवघड झालं, मग उभं राहणं. ११ जुलै २०१४ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक लहान स्पीकरवर गाणी लावून वाचू नका. मोबाइलच्या आवाजात हेडन नाहीच. जिथे तो असतो तिथे शांतता ऐकू येते आणि वाटतं, इथे कुणीच नव्हतं. साधे हेडफोन चालतील. नावांचे उच्चार मी शक्यतो त्या माणसांच्या भाषेप्रमाणे ठेवले आहेत. 'कॉर्ड', 'बास', 'ड्रम' हे शब्द तसेच ठेवले, कारण वाजवणारी माणसं तेच वापरतात.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण एकाच रेकॉर्डवर आहे. २००८ साली हेडन टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेला आणि लहानपणी घरात गायलेली गाणी घेऊन त्याने 'रॅम्बलिंग बॉय' केली. त्याच्या तिन्ही मुली गायल्या, मुलगा गायला, मित्रमंडळी गायली. 'ओल्ड जो क्लार्क'ही आहे, पन्नास वर्षांनी, या वेळी फिडल-बँजोवर. रेकॉर्डच्या शेवटाकडे १९३९ सालच्या रेडिओ कार्यक्रमाचा एक तुकडा आहे: वडील नाव पुकारतात आणि दोन वर्षांचा चार्ली गातो. आणि सर्वांत शेवटी सत्तरीचा चार्ली 'ओ शेनँडोआ' गातो. त्याच्या गावाचंच नाव गाण्यात आहे. आवाज कापतो, सूर कडेकडेने चालतो, एखाद्या शब्दावर श्वास पुरत नाही. खाली बास आहे. या वेळी तो स्वतःच्याच आवाजाला झील देतो.